घरच्या जिमचं लोखंड घेताना आधी भोकाचं माप, मग किलो

पोलीस भरतीची जाहिरात येणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी जळगाव, धुळे, नंदुरबारची मैदानं पहाटे पाचला भरून जातात. मुलं सोळाशे मीटर पळतात, मुली आठशे, आणि मग गोळ्याशी झटापट सुरू होते. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. तो लांब जायचा तर पायात, पाठीत, खांद्यात ताकद हवी, हे दोन-चार दिवसांत ज्याचं त्याला कळतं. मग घरीच वजनं आणून ठेवायचा विचार येतो. गावातलं जिम लांब असतं, फी परवडत नाही, आणि मुलींना त्या गर्दीत जायला नको वाटतं.

मोबाईल उघडला की पहिलीच जाहिरात दिसते: "२० किलो होम जिम कॉम्बो". त्यात चार प्लेटा, एक वाकडा रॉड, दोन डंबेलचे दांडे, हातमोजे, उडीची दोरी, ग्रिपर, कधीकधी एक बॅगही. भाव बघून माणूस हरखतो. दुकानात गेलं तरी पहिला प्रश्न तोच, "किती किलो देऊ?"

किलो मागाहून ठरवता येतात, हवे तेव्हा वाढवताही येतात. रॉड आणि प्लेटच्या भोकाचं माप मात्र पहिल्या खरेदीतच कायमचं ठरतं. नव्यानं सुरुवात करणारा अडकतो तो तिथेच.

रॉड, प्लेट, कॉलर

तीन शब्द कळले की दुकानदाराशी बोलता येतं. रॉड म्हणजे हातात धरायचा लांब दांडा. प्लेट म्हणजे त्यात ओवायची वजनाची चकती. कॉलर म्हणजे प्लेट घसरू नये म्हणून बाहेरून लावायची कडी किंवा क्लिप. चौथा शब्द स्लीव्ह. महागड्या रॉडच्या दोन्ही टोकांना जाड नळकांडी बसवलेली असतात, प्लेटा त्यांच्यावर चढतात. बैलगाडीचं चाक आसावर फिरतं तशी ही नळकांडी मधल्या दांड्याभोवती मोकळी फिरतात. वजन झटक्यात खांद्यावर घेताना दांडा मनगटाबरोबर वळतो आणि प्लेटा आपल्या जागी राहतात, त्यामुळे मनगट पिळत नाही.

ऑलिम्पिकमध्ये जे दोन प्रकार असतात, त्यांना हे फिरणं लागतंच. स्नॅच म्हणजे जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर. क्लीन अँड जर्क म्हणजे आधी खांद्यावर, मग डोक्यावर. मीराबाई चानूनं टोकियोत ४९ किलो वजनी गटात ८७ अधिक ११५, असे एकूण २०२ किलो उचलून रौप्य घेतलं, ते याच दोन प्रकारांत. आपल्याला घरी एवढ्यात हे करायचं नाही. बैठक, जमिनीवरून उचलणं, बेंचवर आडवं होऊन ढकलणं, उभ्यानं डोक्यावर नेणं, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. त्याला न फिरणारा साधा रॉडही चालतो.

दोन भोकं, दोन वेगळी घराणी

बाजारात प्लेटांची दोन घराणी आहेत. एकाचं भोक साधारण २५ ते ३० मिलिमीटरचं. कॉम्बोमध्ये येतं ते हेच, कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेलंही हेच. दुसऱ्याचं ५० मिलिमीटरचं, त्याला दुकानदार 'ऑलिम्पिक' म्हणतो. म्हणून काही ते ऑलिम्पिकला जाऊन आलेलं नसतं. ते फक्त माप आहे.

लहान भोकाची प्लेट ५० मिलिमीटरच्या स्लीव्हवर चढत नाही, हे उघड आहे. मोठ्या भोकाची प्लेट बारीक रॉडवर चढते खरी, पण ती डुगडुगते, एका बाजूला कलते आणि प्रत्येक वेळी खडखडते. म्हणजे आज लहान भोकाच्या चाळीस किलो प्लेटा घेतल्या आणि वर्षानं चांगला रॉड घ्यावासा वाटला, तर त्या चाळीस किलोंचं करायचं काय? विकायला काढल्या तर भंगारवाला किलोवर घेणार, आणि प्लास्टिकच्या असतील तर तोही नाक मुरडणार.

मग सरळ ऑलिम्पिकच घ्यावं का? ज्याला दोन-तीन वर्षं नेटानं करायचं आहे आणि खोलीत जागा आहे, त्यानं होय. पुरुषांचा पूर्ण मापाचा रॉड २.२ मीटर लांब, २० किलो वजनाचा, मुठीत येणारी जाडी २८ मिलिमीटर. महिलांचा २.०१ मीटर, १५ किलो, २५ मिलिमीटर. दोन्हींचे स्लीव्ह मात्र ५० मिलिमीटरचेच, म्हणजे घरात भाऊ-बहीण दोघं असतील तर रॉड दोन आणि प्लेटा त्याच. ज्याला फक्त भरतीपुरते सहा महिने काढायचे आहेत, त्यानं लहान भोकाचं घेतलं तरी काही बिघडत नाही. फक्त ठरवून घ्यावं, आणि रॉड व प्लेटा एकाच घराण्यातल्या ठेवाव्यात.

एक मात्र खरं, २० किलोचा नुसता रॉड डोक्यावर नेणं नवख्याला जड जातं, मुलींना तर फारच. त्यामुळे ऑलिम्पिक रॉड घेतला तरी एखादा हलका, पाच-सात किलोचा साधा रॉड शिकायला हाताशी असावा.

रॉड भरीव आहे की पोकळ, ते काट्यावर कळतं

कॉम्बोतला रॉड दिसायला चकचकीत असतो. वर क्रोमचा मुलामा असतो, आत काय आहे ते दिसत नाही. पुष्कळदा आत काहीच नसतं, ती नुसती पोकळ नळी असते. नळी असणं हा काही गुन्हा नव्हे. पण तुमच्यापासून ते लपवलेलं असतं आणि ओझं वाढलं की ती मधे झोळ धरू लागते.

ओळखायचं कसं? सळई विकणाऱ्या कुठल्याही दुकानात पाठ असलेलं एक सूत्र आहे. व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला त्याच आकड्यानं गुणा आणि १६२ नं भागा. येतं ते एक मीटर भरीव लोखंडी सळईचं वजन, किलोमध्ये. २५ मिलिमीटरसाठी २५ गुणिले २५ म्हणजे ६२५, भागिले १६२, म्हणजे ३.८६ किलो. एका फुटाला जवळपास १ किलो १८० ग्रॅम. तेव्हा पाच फुटी भरीव रॉड काट्यावर साधारण ५.९ किलो भरला पाहिजे. २८ मिलिमीटरचा असेल तर ७.४ किलो. दुकानदार २५ एमएम, पाच फूट, एकदम सॉलिड म्हणतोय आणि काटा तीन-साडेतीन किलो दाखवतोय, तर तो पोकळ आहे. वाद घालायची गरज नाही. टेप आणि काटा किराणा दुकानातही मिळतो.

टेपनं जाडी नीट मोजता येत नसेल तर दोरा गुंडाळा. दोऱ्याची लांबी भागिले ३.१४ म्हणजे व्यास. मोजायचं मात्र मुठीच्या जागी, टोकाला नव्हे. काही रॉड टोकाला जाड आणि मधे बारीक असतात.

जाडीतले दोन-तीन मिलिमीटर किरकोळ वाटतात, पण ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. एकाच लोखंडाचा २५ ऐवजी २८ मिलिमीटरचा भरीव रॉड घेतला, तर तो दीडपटीहून जास्त ताठ होतो. बारीक रॉड हाताला बरा वाटतो म्हणून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. उलट फार जाडही नको. मूठ मिटली नाही तर पाठीत ताकद असूनही वजन हातातून सुटतं.

"लेथवाल्याकडून करून घेतला तर?"

हा प्रश्न खानदेशात हमखास येतो, आणि तो अगदी रास्त आहे. एमआयडीसीत, तालुक्याच्या गावात, बसस्टँडमागे लेथचं वर्कशॉप असतंच. कापून, घासून, नर्लिंग करून दोन दिवसांत रॉड तयार. नर्लिंग म्हणजे पकडीच्या जागी पाडलेली खरखरीत जाळी. घामानं हात सटकू नये म्हणून ती लागते.

अडचण लोखंडाच्या जातीची आहे. ग्रिल-गेटला वापरतात ते मऊ लोखंड, ज्याला सगळे एमएस म्हणतात, ते वाकलं की वाकलेलंच राहतं. चांगल्या रॉडचं पोलाद वाकतं आणि ओझं काढलं की पुन्हा सरळ होतं. रॉडचे पैसे मोजायचे ते या परत सरळ होण्याचे. साठ-सत्तर किलो हळू उचलून हळू ठेवत असाल तर २५ मिलिमीटरचा भरीव एमएस रॉड निभावून नेईल. पण तेच ओझं स्टँडच्या हुकावर दणकन आदळलं की तो एकदाचा वाकतो. मग फिरवताना केळं फिरवल्यासारखा दिसतो.

तेव्हा लेथवाल्याला एमएस नको, ईएन-८ ची ब्राइट बार, म्हणजे वरून गुळगुळीत केलेली सळई, लाव म्हणून सांगा. हे मध्यम कार्बनचं पोलाद शाफ्ट बनवायला वापरतात, त्याला ते ठाऊक असतं आणि ते एमएसपेक्षा बरंच ताकदवान आहे. नर्लिंग बेताची पाडायला सांगा. पहिल्या दिवशी धारदार नर्लिंग झकास वाटते, आठवड्यात तळहात सोलून निघतात. दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर एकेक खाच पाडून घ्या, म्हणजे हात रॉडच्या मध्यापासून सारख्या अंतरावर बसतात. फिरणाऱ्या स्लीव्हच्या भानगडीत मात्र पडू नका. बुश, बेअरिंग, सर्क्लिप हे सगळं जमवायला गेलं की तयार रॉड स्वस्त पडतो.

प्लास्टिकच्या प्लेटेत काय भरलेलं असतं

रंगीत, गुळगुळीत, फरशीवर ओरखडा न पाडणारी प्लेट बहुधा प्लास्टिकच्या कवचाची असते आणि आत सिमेंटसारखं भरण असतं. वजन म्हणून त्यात खोट नाही, पाच किलो म्हणजे पाच किलोच. प्रश्न जागेचा आहे. एक लिटर जागेत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साधारण ७.२ किलो मावतं आणि काँक्रीट २.४ किलो. म्हणजे तेवढ्याच वजनाला ही प्लेट तिप्पट जागा खाते. बुटक्या रॉडच्या टोकाला दोन-तीन चढल्या की जागा संपते, कॉलर लावायलाही उरत नाही. पडली की कवच फुटतं आणि प्रत्येक सेटला पांढरी भुकटी फरशीवर सांडत राहते.

बिडाची प्लेट ओबडधोबड असते, वाजते, पावसाळ्यात गंजते, पण ती नातवापर्यंत टिकते. बीड ओतलेलं असल्यामुळे वजन थोडं इकडेतिकडे असतं. स्पर्धेच्या २० किलोच्या प्लेटेला वर २० ग्रॅम आणि खाली १० ग्रॅम एवढीच सूट असते. आपल्याला एवढं काटेकोर नको, पण जोडीतल्या दोन्ही प्लेटा सारख्या हव्यात. एक ९.६ आणि दुसरी १०.३ निघाली तर ७०० ग्रॅमचा फरक एकाच खांद्यावर पडतो. म्हणून दुकानात चार-सहा प्लेटा काट्यावर टाकून जोडी जुळवून घ्यावी. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

रबराची बंपर प्लेट वरून सोडता यावी म्हणून असते. ती महाग पडते, आणि वजन डोक्यावरून सोडायची वेळ नवख्यावर येत नाही, येऊही नये. तिचा एक गुण मात्र बिडाच्या लहान प्लेटेत नाही. स्पर्धेच्या मापाची बंपर १० किलोची असो वा २५ ची, तिचा व्यास ४५ सेंटिमीटरच असतो. त्यामुळे जमिनीवर ठेवलेला रॉड नेहमी २२.५ सेंटिमीटर उंचीवर येतो. साध्या १० किलोच्या प्लेटेचा घेर लहान, रॉड जवळजवळ घोट्याशी टेकतो आणि उचलताना पाठ नको तेवढी वाकते. बंपर परवडत नसेल तर दोन्ही बाजूंच्या प्लेटांखाली बाभळीच्या लाकडाचे सपाट ठोकळे ठेवा आणि रॉड नडगीच्या मध्यावर आणा. विटा ठेवू नका, त्या फुटतात आणि वजन पायावर येतं.

किती किलो? तर एवढे

आता किलोंकडे वळू. दुकानदाराकडून चार प्लेटा पाच-पाच किलोच्या आल्या, तर दोन्ही बाजूला सारखं ठेवायचं म्हणून वाढ एकदम दहा किलोंची होते. रॉड, मग रॉड अधिक दहा, मग अधिक वीस. मधे काहीच नाही. नवखा माणूस दहा किलोंची उडी खांद्याच्या व्यायामात मारूच शकत नाही. तो एका वजनावर अडकतो, कंटाळतो आणि रॉडवर ओले टॉवेल वाळू लागतात.

त्याऐवजी जोड्या अशा घ्या: १.२५, २.५, ५ आणि १० किलो. प्रत्येक आकडा आधीच्याच्या दुप्पट आहे. दुप्पट होत जाणाऱ्या मापांची गंमत अशी की त्यांच्या बेरजेतून मधली प्रत्येक पायरी मिळते. एका बाजूला १.२५ पासून १८.७५ किलोपर्यंत, एकही पायरी न गाळता. रॉड २० किलोचा असेल तर २० पासून ५७.५ किलोपर्यंत दर अडीच किलोला एक टप्पा. आणि यासाठी लागल्या किती प्लेटा? आठ, मिळून ३७.५ किलोच्या. पुढे २० किलोची एक जोडी आणली की तीच शिडी ९७.५ किलोपर्यंत जाते. बहुतेकांचं पहिलं वर्ष एवढ्यात निघतं.

लहान प्लेटा पोरखेळ वाटतात खऱ्या. पण २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरनं ५५ किलो गटात २४८ किलो उचलले आणि त्याचं सुवर्ण एका किलोनं हुकलं. या खेळात किलो असेच मोजतात. मुलींनी तर अर्ध्या किलोची एक जोडीही घ्यावी. खांद्यावरून वर ढकलण्याच्या व्यायामात अडीच किलोसुद्धा मोठी उडी ठरते.

"गोण्या उचलतोच की आम्ही!"

दारातल्या आजोबांचा प्रश्न ठरलेला असतो: "इतलं लोखंड घरमा कसाले रे भो?" त्यांचं म्हणणं अगदीच वावगं नाही. ज्यानं ट्रॅक्टरवर कापूस चढवला, केळीचे घड वाहिले, त्याच्या पाठीत ताकद आहेच. पण गोणी वाढत नाही. आज जेवढी तेवढीच उद्या. युरियाची तर २०१८ मध्ये ५० ची ४५ किलो झाली, म्हणजे उलट हलकी! शरीर ठराविक ओझ्याला सरावतं आणि तिथेच थांबतं. ताकद वाढायची तर ओझं हळूहळू वाढायला हवं, अडीच-अडीच किलोनं. रॉडचा उपयोग त्यासाठी. शिवाय गोणी एका खांद्यावर जाते आणि कमरेला पीळ बसतो, रॉडचा भार दोन्हीकडे सारखा पडतो.

तालमीतले मुद्गल, जोर, बैठका यांचं काय? ते चालू ठेवाच. जोर आणि बैठकांना खर्च शून्य आहे, आणि ज्याला अजून पंचवीस सलग बैठका जमत नाहीत त्यानं लोखंडाची घाई करूच नये.

फरशी, पंखा आणि खालचे शेजारी

खोली दहा बाय दहाची असेल तर सात फुटी रॉड मावतो. दोन्ही बाजूंना जेमतेम दीड फूट उरतो आणि प्लेट चढवायला तेवढा लागतोच. त्याहून लहान खोलीत पाच-सहा फुटी रॉडच बरा.

मग वर बघा. साडेपाच फुटांच्या माणसानं रॉड डोक्यावर नेला की मुठी सात फुटांवर जातात आणि त्यावर मोठ्या प्लेटेची अर्धी उंची, म्हणजे आणखी नऊ इंच. खानदेशात पंखा बंद करून व्यायाम कोण करणार? तेव्हा पंख्याच्या बरोबर खाली उभं राहू नका. पत्र्याची खोली बुटकी असेल तर हा एक व्यायाम अंगणात. तशीही मे महिन्यात, पारा ४४-४५ ला टेकलेला असताना, पत्र्याखाली सकाळी सातनंतर थांबवत नाही. लोखंडाला हात लावला तर चटका बसतो आणि बेंचचं रेक्झिन पाठीला चिकटतं.

दुसऱ्या मजल्यावर शंभर किलो ठेवले तर स्लॅब खचेल का, ही भीती पुष्कळांना वाटते. राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलोंच्या वापराचा भार धरून आखतात. नीट बांधलेल्या आरसीसी घरात शंभर किलो प्लेटा आणि सत्तर किलोंचा माणूस तीन-चार चौरस मीटरवर पसरला तर अडचण येत नाही. धाब्याचं घर किंवा जुनं माळवद असेल तर मात्र वरच्या मजल्यावर नकोच. सुस्थितीतल्या स्लॅबला ठेवलेलं ओझं बाधत नाही, टाकलेलं बाधतं. तेही आधी फरशी फोडतं आणि मग खालच्या शेजाऱ्यांशी संबंध बिघडवतं. फरशीवर बोटानं टकटक करून पाहा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे खाली मसाला भरलेला नाही, ती फरशी पहिल्याच आपटीत जाणार.

खाली काय अंथरायचं? जळगावच्या चटईनं हे भागायचं नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या कोड्यासारख्या जोडायच्या फोमच्या लाद्यासुद्धा फार मऊ असतात, त्यावर पाय डळमळतो आणि जड बैठकीत तेच नको असतं. शेती-दुग्धव्यवसायाच्या साहित्याच्या दुकानात गोठ्यात अंथरायची रबर मॅट मिळते. साधारण साडेसहा बाय चार फूट, दीड सेंटिमीटरहून जाड, गाई-म्हशीचं वजन आणि खूर सोसायलाच बनवलेली. अशा दोन मॅट शेजारी टाकल्या की घरच्या जिमची जमीन झाली. जिमचं नाव लागलेल्या रबरापेक्षा ती बहुधा स्वस्त पडते. नव्या रबराचा वास आठ-दहा दिवस राहतो, तेवढे दिवस ती गच्चीवर टाकून ठेवा.

स्टँड आणि बेंच

वजन वाढलं की बैठकीसाठी रॉड खांद्यावर घ्यायला स्टँड लागतो. हा गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून खुशाल करून घ्या, इथे एमएस चालतं. दोन बाय दोन इंची चौकोनी पाइप, १२ गेज किंवा त्याहून जाड. गेजचा हिशोब उलटा असतो: आकडा वाढला की पत्रा पातळ. १६ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर, १२ म्हणजे २.६, १० म्हणजे सव्वातीन. "सोळा गेज लावतो, दणकट होईल" असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका.

स्टँड बनवण्याआधी रॉड घरात हवा. सात फुटी ऑलिम्पिक रॉडवर दोन स्लीव्हच्या मधली मोकळी जागा १३१ सेंटिमीटर असते, पाच फुटी साध्या रॉडवर एक मीटरच्या आसपास. स्टँडची रुंदी या मोकळ्या जागेत बसली पाहिजे. नाहीतर प्लेटा खांबावर आपटतात किंवा रॉड हुकावर बसतच नाही.

आणि दोन आडवे आधार लावून घ्याच, बैठकीच्या तळाशी आणि बेंचवर छातीच्या किंचित वरच्या उंचीला येतील असे. घरी एकटं बेंच करताना जीवावर बेततं ते इथे. रॉड छातीवर बसला आणि उचलला गेला नाही तर मदतीला कोणी नसतं. आधार नसेल तर एकट्यानं बेंच करू नये. करायचंच असेल तर कॉलर लावू नयेत, म्हणजे रॉड एका बाजूला कलवून प्लेटा सांडता येतात. फरशी फुटेल, फुटू दे.

बेंचची उंची ४२ ते ४५ सेंटिमीटर आणि रुंदी २९ ते ३२, हे पॉवरलिफ्टिंगचं माप घरीही चालतं. उंच बेंचवर पाय अधांतरी राहतात, अरुंद बेंचवर खांदे. बसून हलवून पाहा. रिकामा असताना डुगडुगणारा बेंच ओझ्याखाली सुधारत नाही.

"नुसत्या डंबेलवर भागत नाही का?"

सुरुवातीला भागतं, विशेषतः जागा अगदीच कमी असेल तर. प्लेटा बदलता येतील असे दोन दांडे घ्या, पण भोक आपल्या घराण्याचंच. डंबेल अडतात ते पायांच्या व्यायामाला. तिथे लवकरच एवढं ओझं लागतं की ते हातात धरून उभं राहणं हेच मोठं काम होऊन बसतं. खांब, तारा, चाकं असलेली घरगुती मल्टिजिम मात्र मी कुणाला सुचवणार नाही. तेवढ्या पैशात रॉड, प्लेटा, स्टँड, मॅट सगळं येतं, आणि रॉडची केबल तुटत नाही.

"पोरांची उंची खुंटते म्हणतात"

जाणत्या माणसाच्या नजरेखाली, बेताच्या वजनानं केलेल्या व्यायामानं उंची खुंटत नाही. मुलांना इजा होते ती ईर्ष्येनं जास्त वजन उचलताना आणि चुकीच्या पद्धतीनं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलानं आधी रिकाम्या रॉडवर किंवा काठीवर पद्धत पक्की करावी. बायका पुरुषांसारख्या दिसू लागतील ही भीतीही अशीच बिनबुडाची, मीराबाईकडे बघा. रक्तदाब, हर्निया, मणक्याचं जुनं दुखणं असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच रॉडला हात लावावा.

जुनं घ्यावं का, आणि बिल्टी सोडवताना

बंद पडलेल्या जिमचं बीड बिनधास्त घ्या. लोखंडाला मुदत नसते, गंज वाळूकागदानं जातो. रॉड घेताना सपाट फरशीवर गडगडवून पाहा. वाकडा असेल तर तो उड्या मारत जातो. स्लीव्हवाला असेल तर स्लीव्ह हातानं फिरवा आणि पुढे-मागे ओढून किती खेळतो ते बघा. आपल्याकडे गंजाचं भय जून ते सप्टेंबरच. घाम पुसून महिन्यातून एकदा शिलाई मशीनचं तेल लावलेलं फडकं फिरवलं की पुरतं. हाताला पावडर लावायची तर मॅग्नेशियम कार्बोनेटचा खडू. टाल्कम लावलं की पकड उलट निसटते.

नवा माल पुष्कळदा मेरठ-जालंधरहून येतो आणि धुळ्याच्या किंवा जळगावच्या ट्रान्सपोर्ट गोदामात उतरतो. भाव ठरवताना ट्रान्सपोर्टचं भाडं कोणाकडे हे आधीच बोलून घ्या. लोखंडात ते दुर्लक्ष करण्याएवढं नसतं. बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, देऊन माल सोडवायला जाताना टेप खिशात ठेवा. गोदामात मोठा काटा असतोच. सही करण्याआधी गोणपाट सोडा, रॉड काट्यावर टाका, सूत्राशी ताडा, एक प्लेट रॉडवर चढवून भोक जुळतं का ते पाहा. वजनात तफावत निघाली तर काट्याचा फोटो काढून तिथूनच विकणाऱ्याला फोन लावा. माल एकदा घरी आला की भाडं कोणी भरायचं यावरच गाडी अडते.